साखळीऐवजी ससा

1790 साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स नावाची विधवा दाखल झाली आणि काही आठवड्यांतच मरण पावली. ती क्वेकर पंथाची. तिला भेटायला गेलेल्या पंथबांधवांना दारातूनच परत पाठवलं होतं. आत तिचं काय झालं, ते बाहेर कुणाला नीट कळलं नाही. विल्यम ट्यूक या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याच्या मनाला ते लागलं. 1796 मध्ये पंथीयांच्या वर्गणीतून त्याने शहराबाहेर ‘द रिट्रीट’ हे मनोरुग्णांसाठीचं घर उघडलं. सोय होती जेमतेम 30 जणांची.

त्या काळी वेडावरचा इलाज म्हणजे रक्त काढणं, जुलाब देणं, नाहीतर साखळदंड. लंडनच्या बेथलेम इस्पितळात 1814 मध्ये पाहणी करणाऱ्यांना जेम्स नॉरिस हा रुग्ण लोखंडी पट्ट्यांत जखडलेला आढळला, तोही वर्षानुवर्षं. रिट्रीटमध्ये साखळ्या नव्हत्या. पण रामराज्यही नव्हतं. माणूस अगदीच आवरेना, तर पट्टे आणि एकांताची खोली होतीच. फरक होता तो रुग्णाशी शहाण्या माणसासारखं वागण्याचा. शेतीकाम, शिवणकाम, चहापान, आणि अंगणात प्राणी.

ही अंगणं मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. ज्यांना बाहेर मोकळं सोडता येत नसे, त्यांचं फिरणं भिंतींच्या आतच चाले. त्यांचा वेळ जावा म्हणून व्यवस्थापक जॉर्ज जेप्सनने प्रत्येक अंगणात ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी, इतकंच काय ससाणेही आणून ठेवले. विल्यमचा नातू सॅम्युअल ट्यूक याने 1813 च्या पुस्तकात ही नोंद केली आहे. ससे आणि ससाणे एकाच यादीत वाचून भुवई उंचावते. कोण कुठल्या अंगणात होतं, याचा हिशेब सॅम्युअल देत नाही. प्राणी रुग्णांना चांगले सरावले होते, असं मात्र तो सांगतो. नुसती करमणूक नव्हे, तर त्यांच्या सहवासात माणसातली माया आणि इतरांत मिसळण्याची ओढ कधी कधी जागी होते, असं त्याचं मत. आजचे समुपदेशक याहून फार वेगळं काही सांगत नाहीत.

ज्याला सगळे सांभाळतात, त्याच्या हाती सांभाळण्याजोगा एक जीव दिला, हे रिट्रीटचं खरं श्रेय. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्यांना छोट्या पाळीव प्राण्याची सोबत चांगली, असं लिहून ठेवलं. तरी जंतूंचा शोध लागला, इस्पितळं चकचकीत झाली आणि तिथे कुत्र्या-मांजरांना जागा उरली नाही.

ते पुन्हा आत आले ते जवळजवळ अपघातानेच. न्यूयॉर्कमधले मानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक मिटलेला, अबोल मुलगा ठरलेल्या वेळेआधीच आला. एरवी रुग्णांच्या वेळी बाहेर ठेवला जाणारा जिंगल्स हा कुत्रा तेव्हा खोलीतच होता. तो धावत जाऊन मुलाला चाटू लागला आणि मुलगा त्याला कुरवाळू लागला. लेव्हिन्सन यांनी कुत्र्याला हाकललं नाही. पुढच्या भेटींत मुलगा आधी जिंगल्सशी रमला, मग हळूहळू डॉक्टरांशी. 1961 मध्ये त्यांनी हा अनुभव अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या सभेत मांडला, तेव्हा हशा पिकला. फीमधला किती वाटा कुत्र्याला देता, असंही कुणी विचारलं! लेव्हिन्सन यांनी 1962 मध्ये त्यावर लेख लिहिला, 1969 मध्ये पुस्तकच काढलं.

1970 च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात सॅम्युअल आणि एलिझाबेथ कॉर्सन हे दाम्पत्य प्रयोगासाठी कुत्री पाळून होतं. जवळच्याच मनोरुग्ण विभागात भुंकणं ऐकू जाई. बोलायला तयार नसलेली काही मुलं कुत्री पाहू द्या म्हणून मागे लागली, आणि त्यातून उपचारच सुरू झाला. त्यांच्या 50 रुग्णांपैकी अवघ्या तिघांनी प्राण्यांकडे पाठ फिरवली. आकडा ऐकायला गोड आहे. पण प्राण्यांविना उपचार घेणाऱ्या गटाशी तुलना केल्याशिवाय श्रेय कुत्र्याचं की मिळालेल्या लक्षाचं, हे ठरत नाही. या क्षेत्रातल्या पुष्कळ अभ्यासांची हीच लंगडी बाजू आहे.

म्हणूनच कुणी ‘थेरपी डॉग’ म्हणून कुत्रा पुढे केला, तर त्याचं लसीकरण, स्वभावाची चाचणी आणि विश्रांतीच्या वेळा आधी विचारून घ्या. सोबतचा माणूस प्रशिक्षित समुपदेशक आहे का, हेही विचारा.