हिवाळ्याचा काढा आणि चिरनेरचं जंगल



मार्गशीर्ष लागला की पुण्याहून नातीचा फोन ठरलेला. "आजी, इम्युनिटीसाठी काय घेऊ?" आमच्या लहानपणी हा शब्द नव्हता. थंडी पडली की सुंठ-मिरी निघायची, डिंक तळला जायचा, हळदीचं दूध मिळायचं. त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

यंदा तिला सांगायला म्हणून सामानाचा डबा काढला आणि त्याच कपाटात सासऱ्यांच्या वडिलांची जुनी खातेवही हाती लागली. आमचं मूळ दुकान चिरनेरच्या वाटेवरचं. मीठ, तेल, कापड विकायचं आणि रानातला माल घ्यायचा. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे वही दिसली की जमा-नावे बघितल्याशिवाय राहवत नाही. त्या वहीने मला जे दाखवलं, ते आज लिहिते.

आधी काढ्याविषयी. आपण जमीनकंद खात नाही, मधही नाही. मग ओलं आलं, ओली हळद, लसूण, मध यांशिवाय हिवाळा कसा काढायचा, असं नव्या सुना विचारतात. उत्तर घरातच आहे. आल्याऐवजी सुंठ, ओल्या हळदीऐवजी सुकी हळद, मधाऐवजी गूळ. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने जो काढा सुचवला, त्यातही तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुकाच होत्या. तेव्हा मी यजमानांना म्हटलं, "बघा, सरकारही आपल्याच स्वयंपाकघरात आलं."

आमच्याकडे फाल्गुन चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत सुका मेवा, तीळ आणि पालेभाजी बंद असते, कारण त्या दिवसांत त्यात जीव पडतात. कार्तिक पौर्णिमा झाली की सगळं मोकळं होतं. आयुर्वेदही सांगतो की हेमंत-शिशिरात जठराग्नी चांगला असतो, तेव्हा स्निग्ध आणि पौष्टिक पचतं. म्हणजे ज्या चार महिन्यांत शरीराला तीळ, खारीक, डिंक, मेथी हवी असते, तेच चार महिने आपल्याला मोकळे. दोन्ही हिशेब जुळतात.

आता प्रश्न असा, की हे सगळं यायचं कुठून? सुंठ आणि मिरी बाजारातून. पण आवळा, हिरडा, बेहडा, डिंक, गुळवेल? ते रानातून. आणि रानातून आणणारा कातकरी.

कातकरी हे नावच औषधाशी जोडलेलं आहे. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढायचा, हा त्यांचा धंदा. घसा धरला की आपण जी खदिरादी वटी चघळतो, तिच्यातला खदिर म्हणजे हाच खैर. पनवेलला तर १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. आपल्या भागाला औषधांची परंपरा आहे, ती अशी.

पण १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं झाली आणि रान सरकारचं झालं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत (कुलाबा म्हणजे आजचा रायगड) शेतकऱ्यांचा मोठा अडसर झाला तो राबाचा. भाताची रोपं टाकायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा आणि फांद्या जाळायच्या, त्याला राब म्हणतात. फांद्या तोडायला बंदी आली तर राब कशाचा करणार? ओरड इतकी झाली की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. तरी पकड सुटली नाही. १९२७ चा वन कायदा आला आणि सरपण, गवत, फांद्या, सगळ्यासाठी सरकारी परवानगी लागू लागली.

१९३० च्या एप्रिलमध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. आपल्या उरण-पनवेलच्या खाडीला मिठागरं आहेत, त्यामुळे इथल्या माणसांना मिठाच्या कराची झळ सांगायला नको होती. पण पावसाळ्यात मीठ पिकत नाही. म्हणून सत्याग्रहाने जंगलाची वाट धरली. १० जुलैला विदर्भात पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला, आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह सुरू झाले.

चिरनेरला दिवस उजाडला २५ सप्टेंबर १९३०, गुरुवार. नवरात्राचे दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी, आगरी, कोळी, कातकरी कोयते घेऊन आक्कादेवीच्या रानात गेले. फांद्या तोडायच्या, एवढंच करायचं होतं. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्या दिवशीच्या धुमश्चक्रीत मामलेदार जोशी आणि काही सरकारी माणसंही गेली. पुढे धरपकड आणि खटला झाला. आजही दर २५ सप्टेंबरला चिरनेरला हुतात्म्यांना मानवंदना देतात.

त्या आठांत धाकू गवत्या फोफेरकर आहेत, आणि नाग्या महादू कातकरी आहेत. स्मारकावर नाव पूर्ण आहे: स्वतःचं, वडिलांचं, जमातीचं.

आता आमच्या वहीकडे येते. त्यात गावच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव आहे. पाटील, म्हात्रे, ठाकूर, सगळे नावानिशी. आणि रानातल्या मालापुढे काय लिहिलंय? "कातकरी, आवळा." "कातकरी, डिंक." "कातकरी बाई, हिरडा." पानामागून पान, नाव एकाचंही नाही. समोर नावे टाकलंय ते मीठ किंवा तेल. आवळ्याची टोपली देऊन मिठाची पुडी. तो भाव बरोबर होता का, हे आज मला त्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही. पण ज्याचं नावच लिहायचं नाही, त्याच्याशी घासाघीस कशी होत असेल, हे कळायला बी.कॉम. व्हावं लागत नाही.

आणि मी पूर्वजांना बोल लावू नये. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यांत दारावर एक कातकरी बाई आवळे आणि गुळवेलीच्या काड्या घेऊन यायची. मी तिच्याशी आठ आण्यांसाठी दहा मिनिटं वाद घातलेला आहे. वर माप भरून घेताना चार आवळे जास्त टाकून घेतलेले आहेत. सासूबाई एकदा शांतपणे म्हणाल्या, "अगं, प्रतिक्रमणात काय म्हणतेस रोज?" अचौर्य अणुव्रताचे अतिचार आपण म्हणतो, त्यात खोटं माप-तोल येतं. देताना कमी भरणं जसं, तसंच घेताना जास्त भरून घेणं. मी पाठ म्हणत होते आणि टोपलीत हात घालत होते. नंतर एका थंडीत ती यायची थांबली. तापाने गेली, असं दुसरीने सांगितलं. माझ्या मुलांना बरं ठेवणारी गुळवेल आणणारी बाई तापाने गेली. मला तिचं नाव माहीत नव्हतं.

बदल होतोय, हेही सांगायला हवं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली. करोनाच्या वर्षी शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून गुळवेल गोळा करून, वाळवून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवली. आमच्या वहीत ज्यांना नाव नव्हतं, त्यांच्या पोरांनी पावती-पुस्तक छापलं. मला वाचून फार बरं वाटलं.

आता नातीला जे सांगितलं, तेच तुम्हाला.

काढा: चार कप पाण्यात अर्धा चमचा सुंठ, चार मिरी ठेचून, दालचिनीचा तुकडा, आठ-दहा तुळशीची पानं. निम्मं आटवायचं, गूळ घालून गरम प्यायचं, सूर्यास्ताआधी. हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड आणि अर्धा चमचा तूप घाला, हळद अंगी लागते. रोज एक आवळा, कोणत्याही रूपात. घसा खवखवला तर उकळलेल्या पाण्यात मीठ घालून गुळण्या.

वालाच्या शेंगा आल्या की पोपटी करा. आपली पोपटी म्हणजे फक्त शेंगा, ओवा, खडे मीठ आणि भांबुर्डीचा पाला. बटाटा नाही. पाला निवडून, झटकून घ्या, जीव असतात. दिवस मावळायच्या आत खायची. आणि वाल द्विदल आहे, कच्चं दही सोबत नको.

गुळवेल मात्र मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्याने यकृताला त्रास झाल्याचे रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, पण वैद्याला विचारून घेण्यात आपलं काय जातं? आणि काढा म्हणजे लस नव्हे. ताप तीन दिवस राहिला, दम लागला, तर डॉक्टर. झोप आणि सकाळचं ऊन या दोन गोष्टी फुकट आहेत, त्या आधी घ्या.

शेवटची सूचना पाककृतीतली नाही. आवळे आणि गुळवेल घ्यायला मी आता बाजारात रानातून आलेल्या बायकांकडे जाते. सांगेल तो भाव देते, माप सरळ घेते. गेल्या वर्षी एकीला नाव विचारलं. ती आधी घाबरली, मग हसली. तिचं नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. पण माझ्या घरखर्चाच्या वहीत लिहिलंय, आवळ्याच्या पुढे, पूर्ण.

जय जिनेंद्र.