उच्च ऑक्टेन आणि इथेनॉलविरहित पेट्रोल

उच्च ऑक्टेन पेट्रोल आणि इथेनॉलविरहित पेट्रोल हे स्पोर्ट्स कार व इतर शक्तिशाली मोटारींच्या संदर्भात नेहमी एकत्र चर्चिले जाणारे इंधनाचे दोन प्रकार आहेत. दोन्ही सामान्य पेट्रोलपेक्षा महाग असतात. त्यामुळे 'शुद्ध' म्हणजेच 'अधिक शक्तीचे' पेट्रोल, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः ऑक्टेन अंक हा इंधनाच्या ठोकाविरोधी क्षमतेचा निर्देशांक आहे, तर इथेनॉलचे प्रमाण ही इंधनाच्या घटनेची बाब आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा जास्त असतो. म्हणून ते वगळल्याने ऑक्टेन वाढत नाही, उलट तो टिकवण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यात अन्य उच्च ऑक्टेन घटक वापरावे लागतात.

ऑक्टेन अंक

सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्वाला एका टोकाकडून दुसरीकडे पसरत जाते. ती पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाब व उष्णतेमुळे आपोआप पेटले, तर दाबलहरी निर्माण होऊन धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग किंवा ठोका म्हणतात. तीव्र ठोक्यामुळे पिस्टन व बेअरिंग निकामी होऊ शकतात. संपीडन गुणोत्तर जितके जास्त किंवा टर्बोचार्जरचा दाब जितका अधिक, तितका हा धोका वाढतो.

ऑक्टेन मोजपट्टीचा पाया १९२० च्या दशकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी घातला. तीत आयसोऑक्टेनला १०० व नॉर्मल हेप्टेनला ० अंक दिलेला आहे. मोजणी एकाच सिलिंडरच्या प्रमाणित इंजिनावर दोन पद्धतींनी होते. रिसर्च पद्धत (आरओएन) ६०० फेरे प्रतिमिनिट या सौम्य स्थितीत, तर मोटर पद्धत (एमओएन) ९०० फेरे व अधिक तापमानाला वापरतात. भारत व युरोपात पंपावर आरओएन लिहिलेला असतो, तर अमेरिकेत दोहोंची सरासरी लिहितात. त्यामुळे अमेरिकेतील ९३ ऑक्टेनचे पेट्रोल युरोपातील ९८ च्या जवळपास असते. परदेशी माहितीपुस्तिका वाचताना हा फरक लक्षात न घेतल्याने बराच गोंधळ होतो.

ऑक्टेन अंक म्हणजे इंधनातील ऊर्जा नव्हे. ९१ अंकासाठी आखलेल्या साध्या इंजिनात १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरल्याने शक्ती आपोआप वाढत नाही. मात्र आधुनिक टर्बो इंजिनांतील नॉक सेन्सर ठोक्याची चाहूल लागताच ठिणगीची वेळ मागे घेतो. अशा वेळी कमी ऑक्टेनमुळे इंजिन बिघडत नसले, तरी शक्ती व कार्यक्षमता घटते.

इथेनॉलचा परिणाम

इथेनॉलचा आरओएन सुमारे १०८ आहे. शिवाय बाष्पीभवन होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषते. त्यामुळे सिलिंडरमधील मिश्रण थंड होते आणि ठोका आणखी लांबतो. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनांना याचा विशेष लाभ होतो.

याच्या उलट बाजूस, प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाजूल असते, तर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणून १० टक्के मिश्रणाच्या (ई१०) एका लिटरमध्ये ऊर्जा सुमारे ३ टक्क्यांनी, तर २० टक्के मिश्रणात (ई२०) सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी कमी भरते. यावरून इथेनॉलमुळे शक्तीही तितकीच घटते असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो, पण तो बरोबर नाही. इंजिनाची शक्ती ते किती हवा ओढू शकते यावर अवलंबून असते. एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला केवळ ९ किलो. प्रतिकिलो हवेमागे मिळणारी ऊर्जा दोन्ही इंधनांत जवळजवळ सारखीच असते. तेव्हा जास्त इंधन फवारण्याची सोय असेल, तर इथेनॉलची झळ मायलेजला बसते, शक्तीला नव्हे.

याची ठळक उदाहरणे निर्मात्यांच्या आकड्यांतच सापडतात. डॉज कंपनीची २०२३ ची चॅलेंजर डीमन १७० ही मोटार ई१० पेट्रोलवर ९००, तर ई८५ वर १,०२५ अश्वशक्ती देते. स्वीडनच्या कोनिगसेगची येस्को सामान्य पेट्रोलवर १,२८० आणि ई८५ वर १,६०० अश्वशक्तीची आहे. याआधीची २०१८ ची डॉज डीमन अमेरिकन ९१ ऑक्टेनवर ८०८ आणि १०० ऑक्टेनच्या शर्यतीच्या इंधनावर ८४० अश्वशक्ती देत असे. मात्र त्यासाठी इंजिनाचा नियंत्रक बदलावा लागे. म्हणजे दोन्ही मार्गांनी शक्ती वाढते, पण इंजिनाची आखणी तशी असेल तरच.

साठवण व जुनी वाहने

इथेनॉलविरहित पेट्रोलचे खरे महत्त्व येथे आहे. इथेनॉल हवेतील बाष्प शोषते. ई१० मध्ये सामान्य तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळून राहू शकते. ते याहून वाढले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. तळाचा थर गंज आणतो, शिवाय वर उरलेल्या पेट्रोलातून इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेन अंकही घसरतो. वर्षातून चारदा बाहेर निघणाऱ्या, एरवी गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या मोटारीला हा धोका सर्वाधिक असतो. रोज टाकी रिकामी होणाऱ्या मोटारीत तो नगण्य आहे.

कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारींतील काही रबरी नळ्या, बुचाचे गॅस्केट व काही धातूंचे भाग इथेनॉलमुळे खराब होतात. संगणकाचे नियंत्रण नसल्याने त्या जादा इंधनही फवारू शकत नाहीत आणि मिश्रण विरळ होते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये ई१० प्रमाणित झाले, तेव्हा ९७ वा अधिक ऑक्टेनचे ई५ पेट्रोल अशा वाहनांसाठी कायम ठेवले गेले. अमेरिकेत इथेनॉलविरहित पेट्रोल प्रामुख्याने बोटी, गवत कापण्याची यंत्रे व जुन्या मोटारींसाठी विकले जाते. ते बहुधा ८७ ते ९१ ऑक्टेनचे असते. म्हणून ९३ ची शिफारस असलेल्या टर्बो मोटारीच्या मालकासमोर इथेनॉलविरहित ९१ की ई१० मिश्रित ९३, असा पेच उभा राहतो. मोटार नियमित चालवली जात असेल, तर निर्मात्याने सांगितलेला ऑक्टेन अंक राखणेच तांत्रिकदृष्ट्या अधिक महत्त्वाचे ठरते.

भारतातील स्थिती

भारतात ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम २००३ मध्ये काही राज्यांत सुरू झाला. १० टक्क्यांचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले, आणि २०२५ पर्यंत ई२० देशभर सर्वसामान्य झाले. या इथेनॉलच्या पुरवठ्यात महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा मोठा वाटा आहे. मिश्रणामुळे सामान्य पेट्रोलचा आरओएन ९१ वरून ९५ झाला. तेव्हा अंक वाढला आणि प्रतिलिटर ऊर्जा घटली, हे दोन्ही एकाच वेळी घडले. एप्रिल २०२३ पूर्वी बनलेल्या अनेक मोटारींना निर्मात्यांनी ई१० पर्यंतचीच मुभा दिलेली असल्याने त्यांच्या मालकांत असंतोष निर्माण झाला. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय पंपावर उपलब्ध करावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी१०० हे १०० ऑक्टेनचे पेट्रोल निवडक शहरांत आणले. पहिल्या शहरांत मुंबई व पुणे यांचा समावेश होता. वाहनप्रेमींमध्ये ते इथेनॉल नसलेले पेट्रोल म्हणूनही ओळखले जाते. त्यामुळे जुन्या मोटारींचे व महागड्या स्पोर्ट्स कारचे मालक वेगवेगळ्या कारणांनी त्याच पंपापाशी येतात. मात्र त्याची किंमत सामान्य पेट्रोलहून बरीच जास्त आहे आणि ते मोजक्याच पंपांवर मिळते.