सफरचंदाचे झाड आणि जांभळाचे झाड

2000 सालच्या जूनमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा मी ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील एका जिल्हा परिषद शाळेत नव्यानेच रुजू झालो होतो. भिंतीवर तक्ता टांगला आणि पहिल्या चित्रावर छडी ठेवून म्हणालो, ‘ए फॉर अ‍ॅपल.’ मुलांनी सुरात म्हटले. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलाने आपल्या बोलीत काहीतरी विचारले. मला ते कळले नाही. त्याने पुन्हा विचारले तेव्हा अर्थ लागला. हे दवाखान्यात आजाऱ्याला देतात तेच फळ ना, असे तो विचारत होता. वर्ग हसला, मीही हसलो आणि पुढच्या अक्षरावर गेलो. शाळेच्या अंगणात जांभळाचे मोठे झाड होते. मृगाच्या त्या दिवसांत माझ्या अख्ख्या वर्गाची जीभ जांभळी असायची. तरी ते झाड वर्षभर माझ्या तक्त्यात आले नाही.

बारा-तेरा वर्षांनी वसाहतींमधील शिक्षणाच्या इतिहासाविषयी वाचत असताना हेच सफरचंद आणि हेच जांभूळ मला हजारो मैलांवरच्या एका बेटावर भेटले. हा लेख त्या भेटीचा आहे.

ती बेटे फिलिपिन्सची. तीनशेहून अधिक वर्षांच्या स्पॅनिश अंमलानंतर 1898 मध्ये ती अमेरिकेच्या ताब्यात गेली. फिलिपिनो लोक स्पेनविरुद्ध लढून स्वातंत्र्याची घोषणा करून बसले होते. नवा मालक त्यांना मान्य नव्हता आणि 1899 च्या फेब्रुवारीत युद्ध पेटले. या युद्धातच अमेरिकन सैनिकांनी काही गावांत शाळा चालवायला सुरुवात केली. आज बंदूक घेऊन आलेला माणूस उद्या खडू घेऊन उभा! पुढे 21 जानेवारी 1901 रोजी ‘कायदा क्रमांक 74’ आला. त्याने सार्वजनिक शिक्षणाचे खाते उभे केले, अमेरिकेतून एक हजार शिक्षक आणण्याची तरतूद केली आणि शक्य तितक्या लवकर सर्व सरकारी शाळांचे माध्यम इंग्रजी असेल, असे ठरवून टाकले. शंभराहून अधिक भाषा बोलणारा हा द्वीपसमूह. त्यातल्या एकाही भाषेला वर्गात जागा उरली नाही.

23 जुलै 1901 रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून अमेरिकन लष्कराचे ‘थॉमस’ हे वाहतूक जहाज सुमारे पाचशे शिक्षक घेऊन निघाले. होनोलुलूमार्गे ते 21 ऑगस्टला मनिलाच्या उपसागरात पोहोचले आणि विलगीकरण संपवून 23 ऑगस्टला शिक्षक किनाऱ्यावर उतरले. जहाजाच्या नावावरून त्यांना ‘थॉमसाइट’ म्हणू लागले. हळूहळू त्या काळातील सगळ्याच अमेरिकन शिक्षकांना ते नाव चिकटले. बहुतेक जण तरुण होते आणि त्यांत बऱ्याच स्त्रियाही होत्या. महिना 75 ते 125 डॉलर पगार, साहसाची हौस आणि आपण काही चांगले करायला चाललो आहोत ही श्रद्धा, अशी तिहेरी शिदोरी त्यांच्यापाशी होती. ही श्रद्धा खोटी होती असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच त्यांची गोष्ट अवघड होते.

मनिलात काही दिवस त्यांना प्रदर्शनाच्या मैदानावर उतरवले आणि मग बेटाबेटांवर पांगवले. पुढचे चित्र बदलीच्या गावी एकट्याने उतरलेल्या कोणत्याही शिक्षकाला ओळखीचे वाटेल. बांबूची जमीन आणि निपा पामच्या झावळ्यांचे छप्पर असलेले घर. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याची तावदाने. पाणी उकळून प्यायचे. ओळखीचे खाणे म्हणजे लष्करी कोठारातून मिळाले तर मिळालेले डबे. टपाल आठवड्यांनी यायचे. शाळेत बाके पुरेशी नसायची आणि सगळी मुले एकाच वेळी मोठमोठ्याने धडा घोकायची. नवख्या शिक्षकाला तो गोंगाट वाटे. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेविषयी ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्यात नवल वाटणार नाही.

धोकेही खरे होते. जहाज लागून महिना होतो न होतो तोच, 28 सप्टेंबरला, समार बेटावरील बालांगिगा येथे गावकऱ्यांनी अमेरिकन तुकडीवर हल्ला केला आणि त्याच्या बदल्यात लष्कराने ते बेट होरपळून काढले. 1902 च्या मार्चमध्ये मनिलात पटकी शिरली. 1904 पर्यंत चाललेल्या त्या साथीत लाखाहून अधिक माणसे गेली. 1902 मध्येच सेबू बेटावर फिरायला गेलेले चार अमेरिकन शिक्षक मारले गेले.

अशा ठिकाणी रुळायचे म्हणजे काय? शिक्षकांनी मागे ठेवलेल्या पत्रांतून आणि पुस्तकांतून दोन टोकांची उत्तरे मिळतात. लेते बेटावरील पालो गावच्या हॅरी कोलची घरी लिहिलेली पत्रे आज मिशिगन विद्यापीठात आहेत. त्यांत कंटाळा आहे, त्रागा आहे आणि वर्गातल्या मुलांसाठी आज वाचवत नाहीत असे शब्द आहेत. पनाय बेटावरील कापिझला गेलेली मेरी फी मात्र राहिली, घर मांडले आणि 1910 मध्ये आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. त्यातही वरून पाहणारी नजर आहेच. पण सुरुवातीला अमेरिकन मुलांसाठी छापलेली, बर्फ आणि सफरचंदांची पुस्तके या मुलांच्या हाती दिली जात होती. स्थानिक मुलांसाठी वेगळी वाचनमाला करणाऱ्यांमध्ये मेरी फी होती, हेही नोंदवले पाहिजे.

‘थॉमस’नंतर दोन वर्षांनी, 1903 च्या अखेरीस, आणखी एक शिक्षक आला. कार्टर वुडसन, वय 28. त्याचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले आणि तो स्वतः वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणीत राबलेला. लुझोन बेटावरील न्वेवा एसिहा प्रांतात सान इसिद्रो येथे त्याची नेमणूक झाली. तिथे पोहोचल्यावर लोकांशी बोलता येत नाही हे ध्यानात आले, तेव्हा तो टपालाने अभ्यासक्रम मागवून स्पॅनिश शिकला. 1907 पर्यंत तो त्या बेटावर होता. पुढे 1912 मध्ये त्याने हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि 1926 मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज अमेरिकेत फेब्रुवारी महिनाभर तो इतिहास साजरा होतो, त्याचे मूळ या सप्ताहात आहे.

वुडसनने 1933 मध्ये कृष्णवर्णीयांच्या चुकीच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले आणि त्यात फिलिपिन्सची एक आठवण सांगितली. मोठमोठ्या विद्यापीठांतून आलेले शिक्षक तिथे अयशस्वी होत होते. त्यांना अध्यापनशास्त्र येत होते, समोरची माणसे ठाऊक नव्हती. मग विमा व्यवसायातला एक माणूस आला, ज्याने कधी शिकवले नव्हते. त्याने पुस्तके बाजूला ठेवली आणि मुलांच्या भोवतालच्या वस्तूंनी वर्ग भरून टाकला. सफरचंदाचे झाड हलवण्याचे गाणे होते. ते झाड मुलांनी पाहिलेले नव्हते. त्याने गाण्यात ‘लोंबोय’ घातले. वॉशिंग्टनऐवजी 1896 मध्ये गोळ्या घातलेल्या होसे रिसालची गोष्ट सांगितली.

लोंबोय म्हणजे काय, हे मी वनस्पतीकोशात शोधले. लोंबोय म्हणजे जांभूळ! नुसते त्याच्यासारखे नव्हे; तीच जात, तेच फळ, जिभेवर तोच रंग. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. माझ्या शाळेच्या अंगणातले झाड शंभर वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला दिसले होते. मी याच राज्यात जन्मलेला, मला ते दिसले नव्हते.

मात्र या गोष्टीवर भाळून चालणार नाही. गाण्यातले झाड बदलले, तरी गाण्याची भाषा इंग्रजीच राहिली. रिसालची गोष्ट जिंकणाऱ्याच्या भाषेतच सांगितली गेली. फिलिपिनो इतिहासकार रेनातो कॉन्स्तान्तिनो यांनी 1960 च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या आपल्या गाजलेल्या निबंधात हेच दाखवले, की शाळा हे विजय पक्का करण्याचे साधन होते आणि शिक्षकाचा चांगुलपणा त्याच्या आड येत नव्हता, उलट मदतच करत होता. 1925 मध्ये मन्रो समितीला आढळले, की बहुसंख्य मुले चौथीच्या पुढे जातच नाहीत. म्हणजे परकी भाषा धड येण्याआधीच शाळा सुटत होती. 2012 पासून तिथे पहिल्या इयत्तांसाठी मातृभाषा माध्यम आले आणि 2024 च्या कायद्याने त्याची सक्ती पुन्हा काढून टाकली. प्रश्न अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे इंग्रजांनी वेगळी वाट धरली. मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षण मराठीतून ठेवले. 1831 मध्ये मोल्सवर्थचा कोश, 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आणि पुढे मेजर कँडींच्या देखरेखीखालची पाठ्यपुस्तके. त्यामुळे आपल्याला मराठी शाळा मिळाली. हा फरक लहान नाही. पण ती मराठी कोणाची, हा प्रश्न मला त्या डोंगरातल्या मुलाने विचारलेल्या शंकेपाशी परत नेतो. त्याची बोली वारली होती. माझी छापील मराठी त्याच्यासाठी परभाषाच होती आणि इंग्रजी त्याच्यापुढची दुसरी परभाषा. मी स्वतःला त्याचा माणूस समजत होतो. त्याच्या दृष्टीने मीसुद्धा जहाजातूनच उतरलो होतो.

हे सगळे वाचल्यावर मी काय केले, ते सांगून थांबतो. तोवर माझी बदली दुसऱ्या गावी झाली होती. तक्ता काढला नाही. तो अभ्यासक्रमाचा भाग होता आणि पुढे या मुलांना इंग्रजी लागणारच होते. पण शाळा उघडली की पहिला आठवडाभर पुस्तक उघडायचे नाही, असे ठरवले. मुले वस्तू आणत, त्यांच्या बोलीतले नाव सांगत. मी ते वहीत लिहून घेई आणि त्याच्यापुढे मराठी शब्द, मग इंग्रजी. उच्चार चुकला की मुले मला दुरुस्त करत आणि मनापासून हसत. त्या वहीत आज चारशेच्या वर शब्द आहेत. निवृत्त होताना शाळेचे सगळे साहित्य मी जमा केले, ती वही मात्र घरी आणली. पहिल्या वर्गातल्या त्या मुलाच्या तोंडचा शब्द तिच्यात नाही. तो मी तेव्हा लिहूनच घेतला नव्हता.