तीन मीटरवरची बोटे

तीन मीटरवर उभे राहून बोटे दाखवायची आणि समोरच्याने ती मोजायची. चष्मा असेल तर तो घालून, आणि दोहोंपैकी जो डोळा बरा त्याने. मोजता आली नाहीत तर ती व्यक्ती सरकारी व्याख्येनुसार अंध. २०१७ पर्यंत हे अंतर सहा मीटर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाशी मेळ घालण्यासाठी ते निम्म्यावर आणले गेले आणि देशातल्या अंधांचा आकडा घटला. मधल्या टापूतल्यांची नजर मात्र होती तिथेच राहिली. या विषयात पाऊल टाकणाऱ्या वाचकाला ही गोष्ट आधी सांगतो, कारण शस्त्रक्रियेच्या कौतुकात ती नेहमी मागे पडते. कोणाला रुग्ण म्हणायचे आणि त्याला वेळेत गाठायचे कसे, हा नेत्रवैद्यकाचा अवघड भाग आहे. शस्त्रक्रियेचे कोडे त्या मानाने बरेच सुटले आहे.

कितपत सुटले, ते मोतीबिंदूत दिसते. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी सुमारे ६६ टक्क्यांच्या अंधत्वाला मोतीबिंदू कारण ठरला. गढूळ झालेले भिंग सुईने मागे ढकलून प्रकाशाची वाट मोकळी करण्याचा उपाय सुश्रुतसंहितेत आहे, आणि फिरते वैद्य तो विसाव्या शतकातही करत होते. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत फ्रान्सच्या झाक दाव्हिएलने १७५३ मध्ये प्रसिद्ध केली. पण भिंग गेले की सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा कपाळी येई. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या ॲक्रिलिकचे कण घुसले, तरी डोळा त्यांना मुकाट्याने सामावून घेतो, हे लंडनच्या हॅरल्ड रिडलींनी हेरले आणि १९४९ मध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले. त्यासाठी सहकाऱ्यांचा रोष त्यांनी बरीच वर्षे सोसला. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची रीत आणली. ती कल्पना त्यांना दंतवैद्याच्या खुर्चीत सुचली होती. आणि मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून भिंगे स्वतः बनवायला घेतल्यावर त्यांची किंमत गरिबाच्या आवाक्यात आली. माझ्या मते आपल्याकडच्या नजरेच्या इतिहासात या शेवटच्या घटनेचे मोल आधीच्या कोणत्याही शोधापेक्षा कमी नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया एकदा तरी जवळून पाहावी. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेल्या सर्जनचे दोन्ही पाय कामात असतात, एक सूक्ष्मदर्शकाच्या पेडलवर आणि दुसरा यंत्राच्या. भिंगाच्या पुढच्या पापुद्र्याला साधारण पाच मिलिमीटरचे गोल भोक पाडायचे, तेही कापून नव्हे, चिमट्याने पापुद्रा गोलगोल सोलत नेऊन. आतला गर काढायचा, आणि मागचा पापुद्रा शाबूत ठेवायचा. त्याची जाडी मधोमध चारेक मायक्रॉन भरते आणि नवे भिंग त्याच्याच भरवशावर बसते. तरीही रुग्णाला पुढे कसे दिसेल, याचा मोठा हिस्सा आदल्या दिवशीच्या मोजणीत ठरलेला असतो. डोळ्याची लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर नंबर अडीच ते तीनने चुकतो. शिबिराच्या गर्दीत लांबी मोजण्याचे यंत्र ज्याच्या हातात असते, त्याचे नाव कोणी विचारत नाही.

‘पिकला की काढू’ ही समजूत अजून गावोगाव टिकून आहे. एके काळी तिला आधार होता, आता नाही. वाट पाहिली तर भिंग कडक होते, शस्त्रक्रिया अवघड होते, आणि अतिपक्व भिंगातून झिरपलेल्या द्रव्यामुळे कधीकधी डोळ्यातला दाब चढून असह्य कळा येतात. मात्र न येण्यामागे केवळ गैरसमज असतो असे धरून चालणाऱ्या कार्यकर्त्याची लवकरच निराशा होते. सोबत यायला कोणी नाही, कापणी तोंडावर आहे, सूनबाईची रजा संपली आहे, ‘आता या वयात बघायचं काय राहिलंय?’ यातले प्रत्येक उत्तर खरे असते. म्हणून तर मदुराईत डॉ. जी. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद रुग्णालयाने गावातून आणणे, जेवण आणि परत पोहोचवणे हा उपचाराचाच भाग मानला. आपल्याकडे डॉ. तात्याराव लहाने यांनी जे. जे. रुग्णालयात असताना दुर्गम भागांत घेतलेली शिबिरे वाचकांना ठाऊक आहेत. तंबूतल्या किंवा शाळेच्या खोलीतल्या शस्त्रक्रिया मात्र जंतुसंसर्गाच्या भीतीने बंद झाल्या, आणि ते योग्यच झाले. शिबिरात तपासणी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, अशी आजची विभागणी आहे.

मोतीबिंदू विजेरीच्या उजेडातही सापडतो, काचबिंदू सापडत नाही. दाब मोजला की झाले, असे वाटते. पण दाब नेहमीचा असूनही मज्जातंतू झिजत असलेले रुग्ण थोडे नाहीत. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. गेलेली नजर परत येत नाही, शस्त्रक्रियेने फक्त उरलेली सांभाळता येते. तरीही सरसकट साऱ्या गावाचे दाब मोजत सुटणे मला पटत नाही. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये चाळणी तपासणीच्या कसोट्या मांडल्या. चाचणी भरवशाची हवी आणि सापडलेल्याला उपचार मिळण्याची सोय हवी, या त्यांतल्या दोन इथे अडतात. त्यापेक्षा चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असेल तर, डोळ्याच्या मागच्या पडद्यासह पूर्ण तपासणी हा मार्ग बरा. मधुमेहींची गोष्ट वेगळी आहे. तिथे रुग्ण आधीच माहीत असतो, त्यामुळे वर्षातून एकदा पडद्याचा फोटो काढणे सर्व कसोट्यांना उतरते.

मुलांच्या बाबतीत घड्याळ आणखी निष्ठुर आहे. तिरळेपणा शुभ मानून किंवा ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून सोडून दिला, तर सात-आठ वर्षांनंतर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणे जवळपास सोडून देतो. मग डोळा सरळ करता येतो, नजर परत आणणे फार कठीण. अकाली जन्मलेल्या बाळाचा पडदा तर जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासायला हवा, आणि ते सांगणारे माणूस बहुधा नेत्रतज्ज्ञ नसते, नवजात कक्षातली परिचारिका असते. हे पुस्तक तिच्यासाठी, आशाताईंसाठी आणि ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांसाठीही आहे.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. आपले कार्यक्रम शस्त्रक्रिया मोजतात, नजर क्वचित मोजतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी रुग्ण तक्त्यावरची कोणती ओळ वाचतो, याला इथे स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

पहिले प्रकरण दृष्टितक्त्याचे आहे. रुक्ष वाटले तरी ते ओलांडून पुढे जाऊ नये. वाचताना एक काळा पुठ्ठा घ्यावा, त्याला जेमतेम एक मिलिमीटरचे भोक पाडावे आणि घरातल्या कोणालातरी त्यातून तक्ता वाचायला लावावा. भोकातून खालच्या ओळी वाचता आल्या, तर बहुधा चष्म्याने काम भागेल. नाही आल्या, तर पुढची प्रकरणे त्या डोळ्यासाठी आहेत.