1 एप्रिल 1957: कूळ आणि धनिक

निर्मळ हे वसई तालुक्यातले गाव तीर्थ, शंकराचार्यांची समाधी आणि कार्तिकातली यात्रा यांसाठी प्रसिद्ध आहे. इथल्या जमिनीचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि प्रांतातली गावे त्यांच्या सरदारांना व धर्मसंस्थांना मिळाली. सरकारला ते ‘फोरो’ नावाचा ठरीव धारा भरत. मुंबईतल्या फोरास रोडच्या नावात तो शब्द अजून आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर हे सरदार गेले. मालक एक आणि कसणारा दुसरा, ही रीत मात्र पुढेही राहिली.

या रीतीवर घाव पडला 1 एप्रिल 1957 रोजी. मुंबई कुळकायद्यातल्या दुरुस्तीनुसार त्या ‘कृषक दिनी’ कसणारे कूळच जमिनीचे खरेदीदार मानले गेले. साध्या कुळाला किंमत द्यायची होती ती आकाराच्या, म्हणजे जमिनीवरच्या सरकारी साऱ्याच्या, 20 ते 200 पट. योगायोग असा, की देशात संपत्तिकर लागू झाला तोही याच तारखेपासून.

संपत्तिकराची शिफारस अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी 1956 साली केली होती. त्यांच्या मते संपत्तीवर कर बसला की आयकराचा कमाल दर 45 टक्क्यांवर आणता येईल. सरकारने कर घेतला, पण आयकर तितका उतरवला नाही. इथेच योजनेचा तोल गेला. रायगडचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना 1953 साली आलेला मृत्यूनंतरचा वारसाकर आधीपासून होताच. सत्तरच्या दशकात संपत्तिकराचा कमाल दर 8 टक्क्यांवर गेला, तरी तिजोरीत थोडेच पडले. शेताची नोंद सातबाऱ्यावर उघडी असते आणि कूळ कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असते. उलट सोने, हिरे आणि नातेवाइकांच्या नावे वाटलेली मालमत्ता शोधणे अवघड. सवलती आणि मूल्यांकनाचे खटलेही वाढत गेले.

वारसाकर 1985 साली रद्द झाला. त्याचे उत्पन्न तेव्हा वर्षाला सुमारे 20 कोटी रुपये होते. संपत्तिकर 2015 च्या अर्थसंकल्पाने गेला. 2013-14 मध्ये त्यातून देशभरात 1,008 कोटी जमले होते. त्याऐवजी वर्षाला एक कोटीहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांवर 2 टक्के जादा अधिभार आला आणि त्यातून 9,000 कोटींची अपेक्षा धरली गेली. म्हणजे कर साठलेल्या धनावरून पुन्हा कमाईवर सरकला. कुळकायदा मात्र दुरुस्त्या होत आजही चालू आहे.