कंडेन्सरचा जुना बाजार

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन 'धारित्र द्या' म्हटलं तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील. 'कपॅसिटर' म्हटलं तर देईल. पण गल्लीतला पंखा दुरुस्त करणारा मिस्त्री आजही 'कंडेन्सर गेलाय' असंच म्हणतो. हा शब्द त्याने चुकून धरलेला नाही. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने 1782च्या सुमारास तो वापरात आणला. पुढे इंग्रजी पुस्तकांनी तो मागे टाकला आणि कपॅसिटर हा शब्द घेतला. आपल्या मिस्त्र्यांनी मात्र जुना शब्द सांभाळला.

वस्तू तशी साधी आहे. धातूचे दोन पापुद्रे, मध्ये वीज न वाहणारं काहीतरी. त्यात वीज साठते आणि लागेल तेव्हा बाहेर पडते. 1745मध्ये पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट आणि 1746मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात मुशेनब्रुक, या दोघांना तो काचेच्या बरणीत सापडला. सापडला तो जोरदार झटक्याच्या रूपाने. नंतर युरोपभर हौशी लोकांनी बरणीला आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावून घरोघरी तो बनवला. म्हणजे पहिला स्वस्त कंडेन्सर स्वयंपाकघरातून आला.

विसाव्या शतकात बिनतारी संदेश आले आणि काचेच्या बरण्या जहाजावर न्यायला अवघड ठरल्या. तेव्हा अभ्रकाला भाव आला. पातळ, चिवट, उष्णता सोसणारा अभ्रक कंडेन्सरसाठी जणू घडवलेलाच होता, आणि जगातला उत्तम पत्री अभ्रक मुख्यत्वे आपल्याकडच्या कोडरमा-हजारीबाग पट्ट्यातून जात असे. खाणीतून निघालेल्या अभ्रकाचे पापुद्रे हाताने सोलायचं काम तिथली गरीब कुटुंबं करत. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची रेडिओ यंत्रणा या अभ्रकावर विसंबून होती. जर्मनीला तो पुरेसा मिळेना, म्हणून तिथे सिरॅमिककडे जास्त लक्ष गेलं. त्याच काळात अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि जपानमध्ये बेरियम टायटॅनेटचे गुण वेगवेगळे उजेडात आले. आज मोबाइलमध्ये शेकड्यांनी बसणारे तांदळाच्या दाण्याहून बारीक कंडेन्सर त्याच पदार्थाचे वंशज आहेत. आपला अभ्रक परदेशी गेला आणि तयार माल होऊन महाग भावाने परत आला. कापसाची गोष्ट आपण शाळेत शिकतो, ही कुणी शिकवत नाही.

युद्ध संपलं आणि लष्कराचं सामान विक्रीला निघालं. हौशी माणसाच्या बाजाराचा खरा जन्म इथला. न्यूयॉर्कच्या कोर्टलँड स्ट्रीटवर 'रेडिओ रो' आधीच होती, ती या मालाने फुलली. 1966मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी ती पाडली गेली. टोकियोत रस्त्यावर सुटे भाग विकणाऱ्यांना 1949च्या सुमारास हटवण्यात आलं, ते रेल्वेपुलाखाली गेले आणि अकिहाबारा उभा राहिला. आपल्याकडेही निकाली काढलेले लष्करी संच हौशी रेडिओवाल्यांच्या हाती आले. संच उघडायचा, चालतील ते भाग काढायचे, उरलेलं पितळ-तांबं वजनावर विकायचं, अशी ही रीत.

स्वातंत्र्यानंतर 1947च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने परदेशी माल परवान्यात अडकला. घरात रेडिओ ठेवायलाही लायसन्स लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. ते 1980च्या दशकात संपलं. देशी कारखाने उभे राहत होते. केरळच्या केल्ट्रॉनने कण्णूरला कंडेन्सर बनवायला घेतले. पण विद्यार्थ्याला एक-दोन नग हवे असत, आणि त्याच्यासाठी कारखान्याचं दार नव्हतं. त्याच्यासाठी लॅमिंग्टन रोड होता, आणि तोही खिशाला जड वाटला तर भेंडीबाजाराजवळचा चोर बाजार. तिथे फाटक्या ताडपत्रीवर मोडके रेडिओ, अँप्लिफायर, मीटर पसरलेले असत. विकणारे बहुतेक आपल्याच मोहल्ल्यांतले. शाळा अर्ध्यावर सुटलेली, पण रंगीत पट्ट्या पाहून किंमत सांगणारी, कंडेन्सर फुगलाय की नाही हे बोटाने ओळखणारी माणसं. देशाच्या इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास लिहिताना समित्या, महामंडळं आणि प्रयोगशाळा येतात. ही ताडपत्री येत नाही. माझ्या मते ती गाळून तो इतिहास पुरा होत नाही, कारण कित्येकांनी पहिला सोल्डर तिथल्याच मालावर लावला.

त्या उस्तादांकडचं ज्ञान कामाचं होतं, अजूनही आहे. जुन्या संचातले अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे कंडेन्सर बिनधास्त घ्यावेत, ते वर्षानुवर्षं टिकतात. मेण लावलेले कागदी टाळावेत. ओल धरून त्यांतून वीज झिरपते. डबीसारख्या इलेक्ट्रोलिटिकचं प्रकरण नाजूक. त्यात अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर हाच पडदा असतो, आणि वापराविना तो कमजोर होतो. म्हणून जाणता मिस्त्री जुना संच थेट सॉकेटला लावत नाही, आधी सिरीज बल्बवर चालवतो. 2000च्या आगेमागे तैवानकडच्या सदोष द्रवामुळे नव्याकोऱ्या मदरबोर्डांवरचे कंडेन्सरही टोपी फुगवून मेले, तेव्हा नवं म्हणजे चांगलंच असं नाही. आणि टीव्हीतल्या 400 व्होल्टच्या मोठ्या डबीला हात लावण्याआधी रेझिस्टर लावून ती रिकामी करावी. संच बंद असला तरी तिच्यात वीज राहते.

1997मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान करारात आला आणि 2005पर्यंत अशा सुट्या भागांवरचं आयातशुल्क शून्यावर आलं. चिनी माल इतका स्वस्त झाला की साधा सिरॅमिक कंडेन्सर काढायला लागणारा वेळ त्याच्या किमतीहून महाग ठरू लागला. हौशी मुलांसाठी हे चांगलंच झालं, त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. देशी कारखान्यांना मात्र ते जड गेलं.

भंगाराचं चित्रही बदललं. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत तांबं-सोन्यासाठी बोर्ड जाळले जातात, ॲसिडात टाकले जातात, आणि तो धूर तिथल्या मुलांच्या छातीत जातो. हे थांबायलाच हवं. 2022च्या ई-कचरा नियमांत उत्पादक, वस्तू पुन्हा वापरात आणणारे आणि पुनर्चक्रण करणारे यांची नोंदणी आहे. पण बोर्ड न जाळता त्यातला एकेक चालू भाग सोल्डरिंग गनने काढून विकणारा माणूस त्या रकान्यांत सहज बसत नाही. नोंदणीकृत यंत्र तोच बोर्ड भरडून धातू काढतं, त्यात चालू कंडेन्सरही भरडला जातो. जाळणारा आणि सोडवणारा हे दोघे कागदावर एकाच 'असंघटित' शब्दात मोडतात. परवान्याचा खर्च आणि जागेच्या अटी हातगाडीवाल्याला परवडतील अशा ठेवायच्या की नाहीत, हे अजून ठरायचं आहे.