गाडीतला युरिया आणि शेतातला युरिया

मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचे एदलाबाद. गाव सुरत-नागपूर हमरस्त्यावरचे आणि भोवतीचा मुलूख केळीचा. इथे युरिया हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. खताच्या दुकानात शेतकरी युरियाची गोणी मागतो आणि रस्त्यावर मालमोटारीचा चालक युरियाची बादली मागतो. बादलीवर छापलेले नाव 'डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड' असे लांबलचक असते, पण ते उच्चारायला सवड कुणाला? आता डिझेलवर चालणाऱ्या कितीतरी मोटारींनाही ही बादली लागते. नाव एकच, तेव्हा वस्तूही एकच असणार, असा समज होतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो चूकही नाही. रेणू एकच आहे. घोटाळा होतो तो रेणूबरोबर येणाऱ्या पाहुण्यांमुळे.

या रेणूचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. फ्रान्समध्ये हिलेर रुएल यांनी 1773 मध्ये मूत्रापासून युरिया वेगळा केला. 1828 मध्ये जर्मनीत फ्रीडरिश वोलर यांनी अमोनियम सायनेटपासून तो प्रयोगशाळेत तयार केला. सजीवातला पदार्थ मूत्रपिंडाशिवाय बनू शकतो, हे त्यामुळे दिसले. ही गोष्ट आपण दहावी-बारावीच्या वर्गात सांगतोच. त्यानंतर अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून युरिया बनवण्याची बॉश-मायजर पद्धत 1922 मध्ये आली आणि तो टनांनी बनू लागला, खत म्हणून.

गाडीत तो शिरला तो फार नंतर. डिझेल इंजिनातल्या प्रखर उष्णतेत हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती धुराबरोबर बाहेर पडतात. अमोनिया आणि योग्य उत्प्रेरक असेल तर त्यांचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाणी करता येते. या विक्रियेचे एकस्व अमेरिकेत 1957 मध्ये घेतले गेले आणि 1970 च्या दशकात जपानने ती वीजकेंद्रांच्या धुरासाठी वापरात आणली. पण अमोनियाची टाकी घेऊन गाडी रस्त्यावर कशी धावणार? म्हणून युरियाचे पाण्यातील द्रावण घ्यायचे, ते गरम धुरात फवारायचे आणि अमोनिया तिथल्या तिथे बनवायचा, अशी युक्ती निघाली. युरोपात 2005 च्या सुमारास मालमोटारींवर ती रूढ झाली. भारतात 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे नियम लागू झाले आणि ही बादली मुक्ताईनगरच्या रस्त्यावरही ओळखीची झाली.

द्रावणात युरिया 32.5 टक्के असतो, बाकी पाणी. या प्रमाणाला गोठणबिंदू सर्वांत खाली, उणे 11 अंशांवर जातो. खानदेशाला त्याचा काय उपयोग, असे कुणी विचारील, तर प्रश्न रास्त आहे! आपल्यासाठी महत्त्वाची आहे ती शुद्धता. 2006 च्या आंतरराष्ट्रीय मानकात या द्रावणात कॅल्शियम किलोमागे 0.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. 20 लिटरच्या बादलीत सुमारे 21.8 किलो द्रावण बसते, म्हणजे सगळ्या बादलीत मिळून फक्त 11 मिलिग्रॅम. आता पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक पाहा. तिथे लिटरमागे 75 मिलिग्रॅम कॅल्शियम स्वीकार्य धरले आहे. बादलीतले साधारण 14.7 लिटर पाणी इतके 'चांगले' घेतले, तरी त्यात 1100 मिलिग्रॅम कॅल्शियम आले. मर्यादेच्या शंभरपट! जे पाणी माणसाला उत्तम, ते गाडीला घातक. बोअरच्या जड पाण्याची तर गोष्टच सोडा. हे क्षार उत्प्रेरकाच्या सूक्ष्म छिद्रांवर बसतात. सोडियम आणि पोटॅशियम तर त्याच्या क्रियाशील जागाच अडवतात.

मोह मात्र मोठा असतो. 45 किलोची अनुदानित गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आणि हिशेब केला तर तिच्यातून सहा बादल्या द्रावण निघते. पण ती गोणी शेतासाठी आहे. 2015 पासून देशात बनणाऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. एक हेतू असा की नायट्रोजन पिकाला सावकाश मिळावा. दुसरा असा की अनुदानाचा युरिया कारखान्यांत जाऊ नये. हे तेल द्रावणात उतरते आणि फवाऱ्याची बारीक छिद्रे अडवते. शिवाय शेतीच्या युरियात बाययुरेट दीड टक्क्यापर्यंत चालते. त्याचे 32.5 टक्के द्रावण केले तर बाययुरेट सुमारे 0.49 टक्के होते, आणि गाडीची मर्यादा 0.3 आहे. खत म्हणून गोणी नियमात अगदी बसते आणि तरीही टाकीसाठी नापास होते.

सर्वांत फसवी गोष्ट पुढेच आहे. अनेक गाड्यांच्या टाकीतला संवेदक द्रावणात युरिया किती, एवढेच मोजतो. कॅल्शियम त्याला दिसत नाही. प्रमाण बरोबर असेल तर दिवा लागत नाही. धुरातली ऑक्साइडे वाढली की मग दुसरा संवेदक ओरडतो, इंजिनाची ताकद कमी केली जाते, किंवा ठरावीक किलोमीटरनंतर बंद केलेली मोटार पुन्हा सुरूच होत नाही. तोवर महागडा उत्प्रेरक बिघडलेला असू शकतो.

म्हणून चुकीचे काही टाकीत गेल्याचे ध्यानात आले, तर किल्लीसुद्धा फिरवू नये, कारण पंप चालू झाला की घाण नळ्यांत जाते. वरून चांगले द्रावण ओतून पातळ करण्यातही अर्थ नाही. शंभरपटीचा हिशेब आठवावा. गाडी ओढून न्यावी, टाकी पूर्ण रिकामी करावी, डिस्टिल्ड पाण्याने धुवावी आणि मग नवे द्रावण भरावे. डिझेल गेले असेल तर काम वाढते. ते द्रावणावर तरंगते आणि आतली रबरी बूचे फुगवते, त्यामुळे पंप आणि फवाराही बदलावा लागतो. उलट, हे द्रावण डिझेलच्या टाकीत गेले तरीही गाडी सुरू करू नये.

साठवणीबद्दल एक गोष्ट. 25 अंशांपर्यंत हे द्रावण दीड वर्ष टिकते, 30 अंशांपर्यंत एक वर्ष आणि 35 ला सहा महिने. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, आणि पत्र्याच्या शेडमधली बादली त्याहूनही तापते. बादली घेताना तारीख पाहावी.

वर्गात करण्यासारखा प्रयोग सोपा आहे. दोन स्वच्छ स्टीलच्या वाट्या घ्या. एकीत चमचाभर बोअरचे पाणी, दुसरीत बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी घालून दोन्ही मंद आचेवर आटवा. पहिल्या वाटीच्या तळाशी जे पांढरे कडे उरेल, ते विद्यार्थ्यांना बोटाने खरवडून पाहू द्या.